जाहिरातीला उलट उत्तर : कल्चर जॅमिंग



घरापासून शाळेपर्यंत येताना मुलाला किती जाहिराती दिसतात, हे एकदा मोजून बघा. बसथांबा, रिक्षाची पाठ, दुकानाची पाटी, मोबाईल. या सगळ्या आपल्याशी बोलतात, पण आपल्याला त्यांना उत्तर देता येत नाही. फलकाचं भाडं जो भरतो तोच बोलतो. या एकतर्फी बोलण्याला जाहिरातीच्याच भाषेत दिलेलं उलट उत्तर म्हणजे कल्चर जॅमिंग. जॅमिंग हा शब्द रेडिओतला. समोरच्याच्या प्रसारणात मुद्दाम खरखर घालून ते अडवायचं. नेगेटिव्हलँड या अमेरिकन संगीतगटाने १९८४ मध्ये तो या अर्थाने वापरला. काम मात्र आधीच सुरू झालं होतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला सर्वात बोलकं वाटतं. तिथे १९७६ पर्यंत टीव्ही-रेडिओवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, पण रस्त्यावरचे मोठमोठे फलक तसेच राहिले. १९७९ मध्ये सिडनीत काही जण रंगाचे स्प्रे घेऊन रात्री बाहेर पडले. गटाचं नाव ‘बुगा अप’. आद्याक्षरांवरून बनवलेलं, पण उच्चारलं की तिथल्या बोलीत अर्थ होतो ‘वाट लावणे’! ही मंडळी फलक फाडत नसत. काही अक्षरं पुसायची, काही वाढवायची, की ‘मार्लबोरो’चं ‘इट्स अ बोअर’ म्हणजे ‘कंटाळवाणं आहे’ होई. फलकाचा खर्च कंपनीचा, निरोप यांचा. गटात आर्थर चेस्टरफिल्ड-इव्हान्स यांच्यासारखे शल्यविशारदही होते. अटका झाल्या, दंड झाले. कोर्टात उभं राहून ते आपलं म्हणणं मांडत आणि ते वर्तमानपत्रांत छापून येई. १९९२ मध्ये तिथे देशभरासाठी तंबाखूच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा झाला. एकट्या स्प्रेने तो आणला असं नाही, आरोग्य संघटनांचाही मोठा रेटा होता.

आता अमेरिकेतला ‘जो कॅमल’ बघा. सिगारेटच्या जाहिरातीतला हा काळा चष्मेवाला, रुबाबदार उंट. १९९१ मधल्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या सुमारे ९१ टक्के मुलांनी त्याची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउसइतकीच त्याची ओळख होती! पहिलीतलं मूल, विचार करा. कॅनडातल्या ‘अॅडबस्टर्स’ मासिकात १९९६ मध्ये त्याला उत्तर आलं ‘जो किमो’. तोच उंट, पण कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण. आकडेवारीचं भाषण नाही, उपदेश नाही. ओळखीचं चित्र थोडंसं हललं आणि झाकलेलं उघडं पडलं. पुढे याच मासिकाने स्वतःचे बूट विकायला काढले, तेव्हा टीकाही झाली. गंमत आहे ना!

वर्गात हे कसं घ्यायचं? दुसऱ्याच्या भिंतीवर किंवा फलकावर रंग मारणं गुन्हा आहे, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगा. आपण कागदावरच करायचं. सातवीच्या वर्गात मी जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाटल्या आणि एकच अट घातली : फक्त एक गोष्ट बदलायची. एका गटाने शीतपेयाच्या बाटलीवरची साखर वाचली, एका चमच्याला ४ ग्रॅम धरून भागाकार केला आणि बाटलीच्या चित्रात तेवढे चमचे काढले. गणिताचा तास आपोआप झाला! जी चित्रं नुसती चेष्टेची होती ती फसली. दाढीमिशा काढून उत्तर होत नाही. जाहिरात काय लपवते, हे आधी शोधावं लागतं.

घरी पालकांनाही हे जमेल. टीव्हीवर जाहिरात लागली की आवाज बंद करा आणि मुलाला तिचं खरं वाक्य बोलायला सांगा.

तास संपता संपता एका मुलाने विचारलं, “सर, आपल्या शाळेच्या प्रवेशाच्या बॅनरचं केलं तर चालेल?” मी क्षणभर गप्प झालो. मग कागद दिला. बॅनरवर गुणवत्ता यादीतल्या पाच मुलांचे फोटो असतात. त्याने ते तसेच ठेवले आणि खाली फक्त लिहिलं, ‘आणि बाकीचे?’

तो कागद माझ्या कपाटात आहे. मुख्याध्यापकांना अजून दाखवलेला नाही.