एफटीपी खात्याची डिरेक्टरी आणि तिच्या वाटेवरील अडथळे

एफटीपी या फाइल-हस्तांतरणाच्या नियमावलीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल 1971 मध्ये एमआयटीत असताना लिहिला, आणि आजही आधारभूत असलेली तिची आवृत्ती ऑक्टोबर 1985 ची आहे. परंतु वापरकर्त्याची डिरेक्टरी सर्व्हरवर कोठे असावी, हा प्रश्न त्या आवृत्तीने संगणकाच्या कार्यप्रणालीवर सोडून दिला. त्यामुळे एफटीपीच्या नावाने येणाऱ्या पुष्कळ तक्रारींचे मूळ लिनक्सची खाती आणि परवानग्या यांत सापडते.

लिनक्सवर प्रचलित असलेल्या व्हीएसएफटीपीडी या सर्व्हरवर पासवर्ड अचूक असूनही 530 हा नकार येतो, तेव्हा खात्याचे शेल, म्हणजे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम, आधी तपासणे श्रेयस्कर ठरते. केवळ फाइली चढवणाऱ्या खात्याला सुरक्षिततेसाठी ‘नोलॉगिन’ शेल दिलेले असते आणि मान्य शेलांच्या यादीत ते नसेल, तर पडताळणी तेथेच थांबते. पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलून काही साधत नाही.

प्रवेश मिळूनही डिरेक्टरी उघडत नसेल, तर तिच्यापर्यंतची संपूर्ण वाट पाहावी लागते. डिरेक्टरीच्या बाबतीत ‘एक्झिक्यूट’ परवानगीचा अर्थ आतून पुढे जाण्याची मुभा असा असल्याने, शेवटची डिरेक्टरी 755, म्हणजे प्रवेशास सर्वांना खुली, असली तरी वरची एखादी दुसऱ्याच्या मालकीची आणि 700, म्हणजे केवळ मालकाला खुली, असल्यास मार्ग खुंटतो. ‘नेमआय’ ही आज्ञा वाटेवरील प्रत्येक टप्प्याचा मालक आणि परवानगी ओळीने दाखवते, हे तिचे मोठेच उपकार.

सर्वाधिक गोंधळ ‘सीएच-रूट’मुळे, म्हणजे वापरकर्त्याला त्याच्याच डिरेक्टरीत कोंडून तीच त्याला फाइलव्यवस्थेचे मूळ म्हणून दाखवण्याच्या सोयीमुळे, होतो. त्या मुळात वापरकर्त्याला लिहिता येत असेल, तर तो तेथे बनावट व्यवस्था-फाइली ठेवून अधिक अधिकाराच्या प्रोग्रामला फसवू शकेल, या भीतीने 2.3.5 या आवृत्तीपासून व्हीएसएफटीपीडी असे सत्रच नाकारतो. पुढच्या आवृत्त्यांत हा नकार बंद करण्याचा पर्याय आला आणि घाईत तोच वापरला जातो. मूळ डिरेक्टरीची मालकी प्रशासकाकडे ठेवून तिच्या आत लिहिण्यायोग्य उपडिरेक्टरी देणे मात्र अधिक सुरक्षित आहे. त्या कोंडणीतून बाहेरच्या संकेतस्थळाच्या डिरेक्टरीकडे नेणारा ‘सिमलिंक’, म्हणजे दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता सांगणारा दुवा, चालत नाही, कारण त्यातील पत्त्याचा अर्थ नव्या मुळापासून लावला जातो. तेथे ‘बाइंड माउंट’ करून ती डिरेक्टरी कोंडणीच्या आत जोडावी लागते.

कधी फाइल व्यवस्थित चढते, नोंदवहीतही यशाची नोंद असते, आणि ब्राउझरमध्ये मात्र 403 हा नकार दिसतो. व्हीएसएफटीपीडीचा मूळचा ‘यूमास्क’, म्हणजे नव्या फाइलीतून वजा होणाऱ्या परवानग्यांचा आकडा, 077 असल्याने ती फाइल 600 होते आणि वेगळ्या खात्याने चालणाऱ्या वेब सर्व्हरला वाचता येत नाही. तो 022 केल्यास पुढील फाइली 644 होतात. आधीच चढलेल्या फाइलींच्या परवानग्या ‘सीएच-मॉड’ने स्वतंत्रपणे बदलाव्या लागतात.