हिस्लॉप सरकारचा माणूस नव्हता, जी!

माघ पौर्णिमेला दरेकसा स्टेशनवर उतरलं की गोंडांच्या कचारगड तीर्थाच्या वाटेवर पिवळ्या दुपट्ट्यांची रांग लागलेली दिसते. धनेगावला, डोंगर चढण्याआधी चहा घेताना, दरवर्षी कुणीतरी हिस्लॉपचा विषय काढतंच. यंदा एका मास्तरांनी काढला. "गोंडांच्या लिंगोची गाथा छापली ती हिस्लॉपनं. इंग्रज सरकारनं बाटवायला पाठवलेला माणूस होता ना जी तो!" बाकावरच्या चौघांनी माना डोलावल्या. एवढ्याशा बोलण्यात तीन चुका, आणि मास्तर सोमवारी पोरांना हेच सांगणार.

सगळ्यात जाड चूक आधी घेऊ. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी फेब्रुवारी 1845 मध्ये नागपुरात आला तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य नव्हतंच, भोसल्यांचं होतं. ते खालसा झालं 1854 मध्ये. सीताबर्डीला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट बसायचा खरा, पण मिशनरी म्हणजे त्याच्या डोक्याला ताप. कंपनीला महसूल हवा होता, धर्मावरून दंगा नको होता. 1813 पर्यंत तर तिनं आपल्या मुलखात मिशनऱ्यांना धड येऊही दिलं नव्हतं. नागपुरातला एक विद्यार्थी ख्रिस्ती व्हायला निघाला तेव्हा रेसिडेंटनं त्याला राजाच्या हवाली केलं आणि पोरगा कैदेत पडला. जॉर्ज स्मिथनं 1888 साली लिहिलेल्या हिस्लॉपच्या चरित्रात ही हकीकत आहे. स्मिथ मिशनच्या बाजूचा, हे कबूल. पण रेसिडेंटनं हात झटकले हे सांगून त्याला काय मिळणार होतं?

बरं, पैसा कुणाचा? कामठीच्या छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्यानं बायकोच्या स्मरणार्थ स्वतःच्या खिशातून दिलेली देणगी हे हिस्लॉपच्या मिशनचं मूळ भांडवल. हिस्लॉपला पाठवलं स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं. हे चर्च जन्मलंच मुळी 1843 मध्ये, सरकारनं आणि जमीनदारांनी चर्चच्या कारभारात लुडबुड करू नये म्हणून. साडेचारशेच्या वर पाद्री पगार नि राहती घरं सोडून बाहेर पडले होते. अशा पंथाच्या माणसाला सरकारी हस्तक म्हणणं म्हणजे उपोषणाला बसलेल्याला भंडाऱ्याचा आचारी म्हणण्यासारखं आहे. आणि तो इंग्रज नव्हे, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा.

म्हणून तो संत होता असं मी म्हणत नाही. धर्मांतर हाच त्याचा हेतू होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. मराठी शिकला, बाजारात उभा राहून बोलला, थंडीत तंबू घेऊन गावोगाव हिंडला. एवढं करून पदरात पडली ती मोजकी माणसं. गंमत अशी, की देणगी दिली होती गोंडांसाठी. त्याच्या आधी अमरकंटकजवळच्या करंजियात गोंडांमध्ये राहायला गेलेले बहुतेक जर्मन मिशनरी रोगराईत दगावले होते. मग हिस्लॉपनं मुक्काम ठोकला नागपुरात, 1846 मध्ये शाळा काढली, आणि मिशनची बरीचशी शक्ती मराठी बोलणाऱ्या शहरातच खर्ची पडली.

गोंडांकडे तो वळला तो प्रवचनापेक्षा वही घेऊन. देव कोणते, लग्न कसं लागतं, या वस्तूला तुमच्याकडे काय म्हणतात, असं विचारत शब्दांच्या याद्या केल्या. लिंगोची गाथा त्यानं रचली नाही. ती गोंडांच्या गाथा गाणाऱ्या परधानांच्या तोंडची. छापलीही त्यानं नाही. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. घोडा तेवढा स्वाराविना मुक्कामी पोचला. अर्धवट राहिलेले कागद रिचर्ड टेंपलनं 1866 मध्ये छापले. टेंपल मात्र पक्का सरकारी, मध्य प्रांताचा चीफ कमिशनर! मास्तरांचा गोंधळ कदाचित इथूनच सुरू होत असेल. त्या छापील गाथेत महादेव-पार्वती जागोजागी आहेत, आणि ती मूळ गोंडांची की मागाहून शिरलेली, हा वाद कचारगडावर आजही रंगतो. तो वाद खरा आहे, तो जरूर घाला.

आता फुटकळ गोष्टी. हिस्लॉप कॉलेज त्यानं काढलं नाही, ते 1883 चं. 'गोंडवाना' हे भूशास्त्रीय नाव त्याचं नाही. ते भूशास्त्रज्ञ मेडलिकॉटनं 1872 मध्ये वापरलं, गोंडवाना-भूमी हा शब्द पुढं एडुआर्ड झ्यूसनं रूढ केला. हिस्लॉपनं नागपूरभोवतीचे जीवाश्म मात्र पोतंभर गोळा केले होते. आणि तो रेल्वेनं गोंदियाला उतरला, असं जे परवा एकानं छातीठोक सांगितलं, त्याला एवढंच: नागपुरात पहिली गाडी आली 1867 मध्ये. तोवर हिस्लॉपला जाऊन तीन वर्षं उलटून गेली होती.