विखरून राखणे, कुलपात राखणे

म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ आपल्यापर्यंत मूळ पोथीतून पोचलेले नाही. ती पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा जुळवला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्या प्रयत्नांनी अभ्यासकांच्या हाती लिपीची किल्ली येईपर्यंत बाहेरच्यांना ते बंदच होते. म्हणजे ग्रंथ राखण्याच्या गरजा दोन : तो नाहीसा होऊ नये, आणि तो नको त्या हाती पडू नये. संगणकावरच्या साठ्यात या दोहोंची सर्रास गल्लत होते.

गेली काही वर्षे मी जुन्या मराठी नियतकालिकांची पाने स्कॅन करून साठवतो आहे. त्यांतल्या पुष्कळ अंकांचा कागद हात लावताच तुटतो. उद्या स्कॅन हीच प्रत उरेल. अशा लाखो फाइलींसाठी ‘ऑब्जेक्ट स्टोरेज’ नावाची पद्धत सोयीची पडते. अ‍ॅमेझॉनने 2006 साली ‘एस-थ्री’ ही सेवा सुरू केल्यावर ती रूढ झाली. हिच्यात कपाटात कपाट, खणात खण असा प्रकार नाही. प्रत्येक फाइलीला एक नाव, तिच्याबरोबर तिची माहिती, आणि अशा फाइलींची एक ‘बकेट’. नाव सांगा, फाइल मिळते. ‘मिनिओ’सारख्या सॉफ्टवेअरने हीच सोय आपल्या स्वतःच्या यंत्रांवर उभी करता येते.

समजा, चार यंत्रे आहेत आणि प्रत्येकात 4 टेराबाइटच्या चार डिस्क. एकूण 64 टेराबाइट. प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती ठेवल्या, तर जेमतेम 21 टेराबाइट मजकूर मावेल. त्याऐवजी फाइलीचे 12 तुकडे करतात, गणिताने आणखी 4 पूरक तुकडे काढतात आणि सोळा डिस्कांवर एकेक ठेवतात. कोणतेही 12 तुकडे हाती असले की फाइल अख्खी मिळते. एक यंत्र पुरते बंद पडले तरी काम थांबत नाही, आणि जागा मिळते 48 टेराबाइट.

हे गणित अरविंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी 1960 साली मांडले. त्याचे मर्म शाळेतल्या भूमितीत आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. त्याच रेषेवर आणखी दोन बिंदू मांडून ठेवा. चारांपैकी कोणतेही दोन पुसले गेले तरी उरलेल्या दोनांवरून रेषा पुन्हा आखता येते. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड थोडा फाटला, मळला तरी वाचता येतो, तोही याच गणितामुळे.

मात्र हे गणित डिस्कच्या मरणावर उतारा आहे, माणसाच्या करणीवर नाही. ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याने ‘पुसा’ म्हटले, की सोळाही डिस्का तितक्याच इमानाने पुसतात. मिनिओमध्ये नाव आणि पासवर्ड ठरवलेच नाहीत, तर दोन्ही जागी एकच जगजाहीर शब्द चालतो. 2023 मध्ये तर याच सॉफ्टवेअरमध्ये असा दोष सापडला, की अनेक यंत्रांवर चालणाऱ्या मांडणीला बाहेरून एक विनंती धाडली तर ती ओळख न विचारता मुख्य पासवर्डासकट आपली अंतर्गत माहिती सांगून टाकी. त्याच मार्चमध्ये दुरुस्ती आली; पण ती प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर बसवायची असते.

म्हणून काही गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. मुख्य पासवर्ड लांब असावा आणि रोजच्या कामात वापरू नये. वाचणाऱ्याला फक्त वाचण्याची, भर घालणाऱ्याला फक्त भर घालण्याची परवानगी द्यावी. यंत्रांमधली आणि बाहेरची देवाणघेवाण सांकेतिक करावी; व्यवस्थापनाचे दार इंटरनेटवर उघडे ठेवू नये. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू करावी, आणि ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच, मुख्य चालकालासुद्धा, पुसता येणार नाही असे कुलूप बकेटला घालावे. एक प्रत दुसऱ्या गावी असावी. चारही यंत्रे एका खोलीत असतील तर एक आग पुरते.

राहिला प्रश्न किल्लीचा. साठा सांकेतिक करून ठेवला आणि किल्ली हरवली, तर ती फोडायला कुणी राजवाडे येणार नाहीत. आजचे संकेत तसे फुटत नाहीत. पुष्कळ लहान ग्रंथालयांत स्कॅनचे सगळे काम एकाच उत्साही माणसाच्या हाती असते, आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात. वाचकांपैकी कुणी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर असतील, तर पुढच्या सभेत दोन गोष्टी विचाराव्यात : किल्ली आणखी कुणाकडे, कुठल्या पाकिटात आहे? आणि एखादी डिस्क मुद्दाम काढून, दुसऱ्या गावच्या प्रतीतून एखादा अंक परत आणून, शेवटचे कधी पाहिले? उत्तर मिळेपर्यंत कागदाचे मूळ अंक रद्दीत देऊ नयेत.