द्राक्षांच्या मोसमातली आंबटगोड वाटी

लग्नाच्या पंगतीत फ्रूट सॅलड म्हणून जी वाटी ताटाशेजारी येते, तिच्यात फळ शोधावं लागतं. दाट पिवळं कस्टर्ड, त्यात बुडालेले केळ्याचे काप, सफरचंदाचे तुकडे आणि वर शोभेला डाळिंबाचे चार दाणे. पुरीबरोबर ते छान लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. या पदार्थाची कथाही गमतीची आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने १८३७ साली बिनअंड्याच्या कस्टर्डची पूड तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. मक्याचं पीठ, रंग आणि वास एवढ्यावर भागणारी ती पूड पुढे आपल्या शाकाहारी पंगतींना आयतीच सापडली. पण कस्टर्डमध्ये कोणतंही फळ घाला, चव कस्टर्डचीच लागते. जूनमध्ये, बाजारात धड काही नसताना ते चालेल. फाल्गुन-चैत्रात नाशिकमध्ये राहून खळ घोटत बसणं मला काही पटत नाही.

कारण या दोन महिन्यांत इथे जे मिळतं, त्याला झाकायची गरजच नसते. निफाड, दिंडोरी, चांदवडकडची द्राक्षं ऐन भरात असतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातून हस्त बहाराचं डाळिंब येतं. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी संपत आलेली असते, पण संपलेली नसते. बोरगावहून सापुताऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला तिची खोकी अजून मांडलेली दिसतात. नागपुरी संत्र्याचा आणि मराठवाड्यातल्या मोसंबीचा मृग बहार याच सुमारास उतरतो. घोलवडचा चिकू असतो, खरबूज नुकतं सुरू झालेलं असतं, आणि चैत्र लागता लागता कैरी येते. ही सगळी फळं एका वाटीत एकत्र यावीत असा महिना वर्षात दुसरा नाही.

या वाटीत मुख्य अर्थातच द्राक्ष, त्यामुळे त्याच्याकडे जरा नीट पाहायला हवं. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षशेतीची सुरुवात सांगताना ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांचं आणि १९२५ सालाचं नाव घेतलं जातं. त्या काळची भोकरी, फकडी ही द्राक्षं बियांची. नंतर थॉमसन सीडलेस आलं आणि बागांचं रूपच पालटलं. त्याच थॉमसनमधून सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांचं सोनाका निवडलं. काळ्या मण्यांचं शरद सीडलेसही त्यांचंच. आज नाशिकच्या गाड्यावर हिरवं, लांबट आणि काळं असे जे तीन ढीग दिसतात, त्यांच्यामागे बागाईतदारांनी बागेत फिरत, एखादी वेगळी फांदी हेरून केलेलं हे काम आहे.

द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, ती फळासाठी. तिथून पुढे साधारण चार-साडेचार महिन्यांत घड तोडणीला येतो. मणी मऊ पडून पारदर्शक दिसायला लागले की शेतकरी म्हणतो, पाणी उतरलं. मग सगळी चर्चा साखरेची. साखर किती भरली, हे ब्रिक्स मीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून बघतात. सतरा-अठरा आकडा दिसला की सौद्याची बोलणी सुरू. द्राक्ष वेलीवरून तोडलं की त्यापुढे ते पिकत नाही, केळ्या-चिकूसारखं आढीत घालून त्याला गोड करता येत नाही. त्यामुळे हा आकडा बघूनच तोडणी करावी लागते, त्यात गैर काही नाही.

मात्र या साखरेच्या हिशेबात आंबटपणा मागे पडला. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. थंडी सरून रात्री उबदार झाल्या की मण्यातलं मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनातच खर्ची पडत जातं. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणून जानेवारीतलं द्राक्ष जिभेला चुरचुरतं आणि मार्चअखेरचं नुसतं गोड लागतं. डाळिंबाचीही तीच तऱ्हा. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली निवडलेल्या 'गणेश' डाळिंबाचे दाणे गुलाबी आणि बी मऊ. आता कसमाद्यात सगळीकडे भगवा आहे: साल जाड, दाणा गर्द लाल, दूरच्या प्रवासाला टिकणारा आणि गोड. चिकूत आंबट औषधालाही नसतं. खरबूजही गोडच. म्हणजे वसंतातली ही फळं नुसती चिरून एकत्र केली, तर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो. दोष फळांचा नाही. गोडावर गोड चढलं की जीभ त्याची नोंद घेणं सोडते.

म्हणून वरून रस घालायचा. आणि तो गोडासाठी नाही, आंबटासाठी.

इथे पहिला हात मोसंबीकडे जातो, आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडची मोसंबी ही खरं तर गोड संत्र्याच्याच कुळातली, पण आम्ल फार कमी असलेली. आजाऱ्याला तिचा रस देतात तो त्यामुळेच. नुसता मोसंबीचा रस फळांवर ओतला तर पाणचट गोडी तेवढी वाढते. शिवाय मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो. सकाळी काढलेला रस दुपारी प्यायलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. फळाच्या पडद्यांत आणि बियांत एक बिनकडू द्रव्य असतं. फळ पिळलं की ते रसातल्या आम्लाच्या संपर्कात येतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होतं. उष्णतेने हे अधिकच लवकर घडतं. म्हणून रस आटवून दाट करायची युक्ती मोसंबीला अजिबात लागू करू नये. आयत्या वेळी, हलक्या हाताने पिळावी, बिया आणि पडदे रगडू नयेत.

आंबट खऱ्या अर्थाने आणतं ते कागदी लिंबू. त्याच्या रसात सहा ते आठ टक्के सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे चमचाभर पुरे. श्रीगोंद्याकडचं पातळ सालीचं, पिवळं पडलेलं लिंबू मिळालं तर उत्तम. राहुरी विद्यापीठाचं साई सरबती वाणही रसाळ असतं. हिरवंगार, टणक लिंबू टाळावं. मार्चनंतर लिंबाचे भाव चढतात, ते दर वर्षीचंच रडगाणं आहे. पण या वाटीला दीड लिंबू लागतं, तेवढं परवडतं.

तर मोसंबी किंवा संत्र्याचा रस अंगाला, लिंबू धारेला, आणि दोघांना बांधून ठेवायला मध. साखर गार रसात लवकर विरघळत नाही, तळाशी खडे राहतात. मध लगेच मिसळतो आणि रसाला जरा दाटपणा देतो, त्यामुळे तो फळाला धरून राहतो. मध नको असेल त्यांनी काकवी घ्यावी. काकवीने रंग काळपट होतो, पण संत्र्याबरोबर तिची चव अशी काही जमते की मी हल्ली तीच घेते.

चार-पाच माणसांसाठी अंदाज असा. दोन मोसंब्या किंवा संत्र्यांचा अर्धी वाटी रस, दीड लिंबाचा रस, दीड मोठा चमचा मध किंवा काकवी, चिमूटभर सैंधव, चार-पाच मिरे ताजे भरड कुटून, आणि आल्याच्या रसाचे थोडे थेंब. याखेरीज संत्र्याच्या सालीचा कीस, अगदी अर्धा चमचा. फळाचा सगळा सुगंध सालीतल्या तेलात असतो, रसात तो फारसा उतरत नाही. साल चांगली घासून धुवायची, आणि किसताना फक्त वरचा नारिंगी थर घ्यायचा. खालचा पांढरा कडू लागतो. हा कीस आधी मधात कालवून पंधरा-वीस मिनिटं ठेवला तर तेल मधात उतरतं. रस शेवटी. मीठ विसरू नये. ते खारटपणासाठी नाही. चिमूटभर मिठाने कडसर चव दबते आणि गोडी उठून दिसते. चाट मसाला मात्र नको. त्यातल्या पादेलोणाचा वास एकदा लागला की स्ट्रॉबेरी आणि बटाटा सारखेच.

फळं निवडताना द्राक्षाच्या बाबतीत नाशिककरांना एक सोय आहे, जी मुंबई-पुण्याला सहजी मिळत नाही. घडातून गळलेले सुटे मणी इथे गाड्यावर घडाच्या निम्म्या-पाऊण भावात मिळतात. चिरून खायचंच असेल तर देखण्या घडाचे पैसे कशाला मोजा? फक्त देठाच्या जागी ओले, चिकट झालेले मणी काढून टाका, ते आंबायला लागलेले असतात. मण्यावरची पांढुरकी लव पाहून घाबरू नये, ती फळाची स्वतःची मेणचट कांती आहे. उलट ती शाबूत असेल तर मणी फार हाताळलेले नाहीत असं समजावं. औषधांच्या अंशांची काळजी वेगळी, आणि ती खरी आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांवरून युरोपात इथली द्राक्षं अडकली, शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं, आणि निर्यातीच्या मालाची तपासणी कडक झाली. गाड्यावरचे सुटे मणी अशा चाळणीतून येत नाहीत. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग वाहत्या पाण्याखाली धुवावेत. वरचं बरंचसं निघतं. आत मुरलेलं निघत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

प्रमाणात द्राक्षं निम्मी असावीत, हिरवी आणि काळी मिळून दोन वाट्या. प्रत्येक मणी उभा चिरावा. कंटाळवाणं काम आहे, पण अख्ख्या मण्याच्या मेणचट सालीवरून रस ओघळून जातो आणि तळाशी साचतो. एका डाळिंबाचे दाणे. एका संत्र्याच्या फोडी, पडदा सोलून. खरबुजाच्या वाटीभर फोडी, आणि एखादा घट्ट चिकू. चिकू चिरला की काळा पडतो, कारण कापलेल्या पेशींतली विकरं हवेशी संधान बांधतात. लिंबाचं आम्ल त्यांना रोखतं. म्हणून चिकू चिरल्या चिरल्या रसात टाकायचा, बाकीची फळं नंतर. स्ट्रॉबेरी सगळ्यात शेवटी, वाढायच्या पाचच मिनिटं आधी, नाहीतर सगळं गुलाबी होतं. ती धुताना देठ काढायचा नाही, धुऊन झाल्यावर काढायचा. देठाच्या भोकातून ती पाणी पिते. केळं घेऊ नये. कलिंगडही नको, त्याला मीठ-मध लागलं की पाणी सुटून रस पार पातळ होतो.

रस घातल्यावर वीस मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. साखर-मिठाने फळांचं पाणी बाहेर ओढलं जातं. थोडं सुटलेलं चांगलं, तासाभराने मात्र फोडी लिबलिबीत होतात. आणि फ्रिजमध्ये बर्फासारखं गार करू नये. फळसाखर गारव्यात अधिक गोड लागते हे खरं, पण वास मरतो, आणि सालीचा कीस घातला तो वासासाठीच. माठाशेजारी ठेवलेली वाटी जेवढी गार होते तेवढी पुरे.

यात परदेशी काही नाही. फळावर आंबट, मीठ आणि थोडं तिखट, ही तर आपली कोशिंबिरीचीच रीत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कलिंगड-खरबुजाच्या फोडी, भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ आणि पन्हं असतं. म्हणजे गोड फळाशेजारी आंबट असायला हवं, हे ठरवून कोणी सांगितलं नसलं तरी बायकांनी नेमकं साधलेलं होतं. पाडव्यानंतर ही वाटी करताना मी लिंबू निम्मं करून कैरीचा दोन चमचे कीस घालते. आंबटपणा तोच, वर दाताखाली करकरीत काहीतरी. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारून भिजून आलेल्या पोरांना हेच मोठ्या पातेल्यात करून दिलं, तर मात्र मिरे जरा सढळ हाताने घालावेत. गार पाण्यातून आलेल्यांना ते मानवतं.

तळाशी उरलेला रस टाकायचा नाही. त्यात डाळिंबाचा रंग आणि स्ट्रॉबेरीचा वास उतरलेला असतो. गार पाणी घालून त्याचं दोन पेले सरबत होतं. पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशीपर्यंत मोसंबी आपला कडवटपणा दाखवतेच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर बागांमध्ये खरड छाटणी सुरू झालेली असते, गाड्यावर येतात ती शीतगृहातली, देठ वाळलेली द्राक्षं, ती घेऊ नयेत. तोवर हापूस आवाक्यात येऊ लागतो, आणि हापूसवर लिंबू पिळायची वेळ यावी असं मला तरी वाटत नाही.