अक्कलदाढ : न दुखली तरी लक्ष हवे!

आरशासमोर उभे राहा आणि आपले दात मोजा. तुम्ही नववी-दहावीत असाल, तर ते बहुधा २८ भरतील. प्रौढ माणसाला तर ३२ दात असतात. मग उरलेले चार कोठे आहेत? बहुतेकांच्या बाबतीत ते जबड्याच्या हाडात, अगदी मागे, तयार होत असतात. याच अक्कलदाढा! साधारणतः १७ ते २५ या वयात, म्हणजे अक्कल येण्याच्या सुमारास त्या उगवतात, म्हणून हे नाव. काहींना त्या मुळीच येत नाहीत. पण अकलेशी त्याचा काही संबंध नाही.

सर्वांत शेवटी येणाऱ्या या दाढांना पुष्कळदा जागाच उरत नाही. मग दाढ तिरपी किंवा आडवी होऊन हाडातच अडकते, अथवा अर्धीच वर येते.

अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा पापुद्रा राहतो. त्याखाली अन्नकण साचून जंतू वाढतात, हिरडी सुजते, तोंड उघडेनासे होते. हे दुखणे निदान कळते तरी! पण अडकलेली दाढ व तिच्या पुढची दाढ यांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तेथे पुढच्या चांगल्या दाढेला कीड लागते आणि ती खोल जाईपर्यंत ठणका लागत नाही. क्वचित अडकलेल्या दाढेभोवती द्रवाची पिशवी होऊन ती हळूहळू हाड पोखरते.

मग सगळ्याच दाढा काढून का टाकू नयेत? खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठ व हनुवटीकडे जाणारा मज्जातंतू असतो. त्याला इजा झाली तर खालचा ओठ बधिर होतो, क्वचित कायमचा. म्हणूनच ब्रिटनमध्ये २००० साली सरकारी आरोग्यसेवेला अशी सूचना दिली गेली, की रोग नसलेल्या अडकलेल्या दाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. उलट, वय वाढले की मुळे पूर्ण होतात, हाड कठीण होते आणि दाढ काढणे अवघड जाते.

यातला मधला मार्ग म्हणजे नजर ठेवणे. क्ष-किरण चित्रात दंतवैद्याला दाढेचा कल, मुळांची वाढ आणि मज्जातंतूशी असलेली जवळीक दिसते. त्यावरून ती काढावी की ठेवावी, हे ठरते. ठेवली, तरी ठरावीक काळाने तपासणी हवीच. तुम्ही मात्र आजपासून एवढे करा : ब्रश शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत न्या, आणि तेथे सूज वा दुर्गंधी जाणवली तर ठणक्याची वाट पाहू नका.