एका हातातली खंजेरी, सात खंजेऱ्या

नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या मोझरीत १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभा राहिला, तेव्हा यवलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी नुकतीच पंचविशी गाठली होती. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला गेले, १९४२ च्या आंदोलनात त्यांना चंद्रपुरात अटक झाली, १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेतही त्यांचे भजन झाले. सभा बदलल्या, श्रोते बदलले, हातातले वाद्य मात्र खंजेरीच राहिले.

ही निवड फार नेमकी होती. पेटीला बैठक लागते. मृदंग गळ्यात अडकवला की दोन्ही हात गुंततात. एकतारी सूर धरते, पण समुदायाला ठेका देत नाही. वाघ्यांची दिमडी हलकी असते, पण तिला झांजा नसतात, त्यामुळे नुसती थाप ऐकू येते. शाहिराचा डफ त्याहून रुंद. त्याचा आवाज घुमतो आणि दूरवर जातो, पण तासभर धरला की खांदा भरून येतो. खंजेरी या सगळ्यांच्या मधली. लाकडी कडे, एका बाजूने मढवलेले कातडे, कड्याच्या खाचांत पितळी झांजा. डाव्या हाताने धरायची, उजव्याने वाजवायची. चालता येते, गाता येते आणि मध्येच थांबून लोकांशी बोलताही येते. ज्याला भजनातून ग्रामसफाई आणि व्यसनमुक्ती सांगायची आहे, त्याला हे मध्येच थांबणे फार मोलाचे.

कडे लहान आणि कातडे ताणलेले असेल, तर नाद चढा येतो. घेर वाढला की तो खाली उतरतो. पावसाळ्यात कातडे ओल धरते, सैलावते, मग शेकून घ्यावे लागते. पूर्वी घोरपडीचे पातळ कातडे वादकांच्या आवडीचे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते मागे पडत गेले, आणि तसे होणे योग्यच होते. शेळीचे कातडे आणि पुढे प्लॅस्टिकची पुडी रुळली. प्लॅस्टिकला ना ओल लागते ना शेक. आवाज खणखणीत येतो, पण कातड्याची घुमारदार थाप त्यात सापडत नाही.

दरम्यान अकोटच्या सत्यपाल महाराजांनी खंजेरीला वेगळेच वळण दिले. सप्तखंजेरीवादक म्हणून ते महाराष्ट्रभर ओळखले जातात. हुंडा, अंधश्रद्धा, दारू यांवरचे त्यांचे प्रबोधन सात खंजेऱ्यांच्या साथीने चालते. एकट्या माणसाच्या हाताखाली नादाची केवढी विविधता आली! पण सात खंजेऱ्या हातात धरून चालता येत नाही.

आश्विनात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गावोगावच्या पालख्या गुरुकुंजाकडे पायी निघतात. त्या वाटेवर अजून प्रत्येक वादकाकडे एकच खंजेरी असते.