सुनावणी कोणापुढे?

न्यायालयाबाहेरचा न्याय : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण न्यूयॉर्क राज्याच्या मानवाधिकार विभागात आलेल्या तक्रारीची चौकशी पाहिली. चौकशी अधिकाऱ्याने ‘तक्रारीत तथ्य दिसते’ असा शेरा मारला की फाइल सुनावणीला जाते. घरमालकाने कातडीचा रंग पाहून घर नाकारलेले असो, की गरोदर असल्याचे कळताच कामावरून काढलेले असो, तोवर सगळे कागदावर असते. आता माणसे समोरासमोर येणार, शपथ घेऊन बोलणार, उलटतपासणीला तोंड देणार. त्यांचे ऐकायला कोण बसतो आणि त्याला तिथे कोण बसवतो, हा आजचा विषय.

त्या माणसाला सुनावणी अधिकारी म्हणतात. तो न्यायालयाचा न्यायाधीश नव्हे, सरकारी विभागाचा नोकर. न्यूयॉर्कचा भेदभावविरोधी कायदा १९४५ चा. गव्हर्नर थॉमस ड्यूई यांनी त्यावर सही केली, आणि खासगी नोकऱ्यांतल्या भेदभावाला हात घालणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. ज्याने तक्रारीची चौकशी केली किंवा तडजोडीसाठी मध्यस्थी केली, त्याने त्याच प्रकरणाची सुनावणी घ्यायची नाही, असे हा कायदा स्पष्ट बजावतो. पुराव्याचे न्यायालयी काटेकोर नियमही सुनावणी अधिकाऱ्यावर बंधनकारक नाहीत. ऐकीव माहिती, साधी चिठ्ठी, सहकाऱ्याने मोबाइलवर पाठवलेला संदेश हे सगळे तो पाहू शकतो. त्याला किती वजन द्यायचे ते त्याने ठरवायचे. सुनावणी संपली की तो आदेशाचा मसुदा लिहितो, दोन्ही बाजू त्यावर हरकती घेतात आणि अंतिम आदेश आयुक्त काढतात.

म्हणजे अधिकाऱ्याची नुसती शिफारस, शेवटचा शब्द आयुक्तांचा. मग त्याच्या निवडीचा एवढा खल कशाला? याचे उत्तर एका नोकरी गेलेल्या माणसाच्या खटल्यात मिळते. युनिव्हर्सल कॅमेरा या कंपनीतल्या एका पर्यवेक्षकाने १९४३ साली राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळापुढच्या सुनावणीत कंपनीला न रुचणारी साक्ष दिली. काही आठवड्यांत त्याची नोकरी गेली. तो म्हणाला, साक्षीचा सूड उगवला. कंपनी म्हणाली, साक्षीचा काही संबंध नाही, याचे वागणे उद्धट होते. सुनावणी अधिकाऱ्याने दोन्हीकडची माणसे प्रत्यक्ष ऐकली, आणि साक्षीमुळेच काढले हे त्याला पटले नाही. वरच्या मंडळाने तेच कागद वाचून उलटा निर्णय दिला : माणसाला परत कामावर घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५१ साली न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा, की मंडळाला अधिकाऱ्याशी असहमत होता येते, पण त्याचा अहवाल बाजूला ठेवून चालत नाही. साक्षीदारांना डोळ्यांनी पाहिलेला, प्रकरणात मुरलेला निःपक्षपाती अधिकारी एक म्हणतो आणि मंडळ दुसरेच म्हणते, तेव्हा मंडळाच्या निर्णयाचा पाया तेवढा कच्चा होतो. खटला खाली परत आला आणि अपील न्यायालयाने मंडळाचा आदेश रद्द केला. पर्यवेक्षकाची नोकरी गेली ती गेलीच.

त्याच्यावर अन्याय झाला की नाही, हे आज कोण सांगणार? तत्त्व मात्र कायम राहिले. कोण खरे बोलले याबद्दल सुनावणीच्या खोलीत जे ठरते, ते पुढे पुसणे कठीण. भेदभावाच्या प्रकरणांत तर हे जास्तच खरे, कारण ‘तुमच्या रंगामुळे काढतो’ असे हल्ली कुणी लिहून देत नाही.

या प्रकरणांचा सांगाडा ठरला तो १९७३ साली. पर्सी ग्रीन हा सेंट लुईसच्या मॅकडॉनेल डग्लस विमान कारखान्यातला कृष्णवर्णीय मेकॅनिक आणि नागरी हक्क चळवळीतला कार्यकर्ता. १९६४ च्या कामगार कपातीत त्याची नोकरी गेली. निषेध म्हणून सकाळच्या पाळीच्या वेळी कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्या आडव्या लावण्यात आल्या, त्यात तो होता. पुढच्या वर्षी कंपनीने मेकॅनिक हवेत अशी जाहिरात दिली, याने अर्ज केला, कंपनीने नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने तीन पायऱ्या घालून दिल्या. आधी तक्रारदाराने सकृद्दर्शनी भेदभाव दाखवायचा. मग मालकाने आपले रास्त कारण सांगायचे. मग ते कारण खरे नसून नुसती सबब आहे, हे सिद्ध करण्याची संधी तक्रारदाराला. आज अमेरिकेतला कुठलाही सुनावणी अधिकारी या पायऱ्या झोपेतही म्हणून दाखवील. खुद्द ग्रीन मात्र फेरसुनावणीत तिसऱ्या पायरीवर हरला.

ही तिसरी पायरी म्हणजेच या नोकरीचा गाभा. भरतीच्या जाहिरातीत वकिलीची सनद, अमुक वर्षे खटले चालवण्याचा किंवा सुनावण्या घेण्याचा अनुभव, नागरी हक्क कायद्याची माहिती वगैरे मागितलेले असते. वरिष्ठ पदाला गुंतागुंतीची प्रकरणे आणि कनिष्ठांच्या निकालपत्रांची तपासणी एवढे वाढते. हे सगळे ठीक. पण माझ्या मते अर्जाला जोडलेला लेखनाचा नमुना आधी वाचावा, बाकीचे मागाहून.

समजा, व्यवस्थापक शपथेवर सांगतो, की पद मार्चमध्येच रद्द झाले होते, म्हणून या बाईंना काढले. सामान्य अधिकारी लिहितो : ‘व्यवस्थापकाची साक्ष विश्वसनीय वाटत नाही.’ वरच्या न्यायालयात हे वाक्य टिकत नाही. जाणता अधिकारी लिहितो, की त्याच कामाची जाहिरात एप्रिलमध्ये दुसऱ्या पदनामाने निघाली; ती आपण पाहिलीच नव्हती असे व्यवस्थापक उलटतपासणीत म्हणाला; पण मसुद्यावर त्याची आद्याक्षरे आहेत, आणि याचा खुलासा विचारला तेव्हा त्याने विषय बदलला. एवढे लिहिले की विश्वसनीय हा शब्द वापरावाही लागत नाही. आवाज कापला, नजर चुकवली, घाम फुटला, या गोष्टींवर असा अधिकारी फारसा विसंबत नाही. साहेबाच्या नजरेला नजर न भिडवणे हा कित्येक समाजांत शिष्टाचार असतो. तो खोटेपणा धरला तर भलत्याच माणसाच्या पदरी भोग येतात.

आता नेमणुकीकडे. केंद्र सरकारच्या अशा अधिकाऱ्यांसाठी १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने संरक्षण दिले. परीक्षा घेऊन गुणवत्ता यादी, आणि खात्याला नकोसा निकाल दिला म्हणून काढता येणार नाही अशी हमी. वकिलीचा किमान सात वर्षांचा अनुभव लागे. माजी सैनिकांना ५ किंवा १० गुण जादा मिळत. यादी एकेका गुणाने वरखाली होत असल्याने त्यात स्त्रिया मागे पडत, ही तक्रार जुनीच. २०१८ साली लुसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की रोखे आयोगाचे असे न्यायाधीश हे संविधानाच्या अर्थाने अधिकारी आहेत, तेव्हा त्यांची नेमणूक खातेप्रमुखासारख्या वरच्या पातळीवरच व्हायला हवी. पाठोपाठ जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढून त्यांना स्पर्धात्मक भरतीतूनच बाहेर काढले. सनद हवी, बाकी खात्याची मर्जी. परीक्षा सदोष होती हे मान्य. पण ज्याच्या खात्याची प्रकरणे ऐकायची त्यानेच परीक्षेविना माणूस निवडायचा, हा त्यावरचा उपाय नव्हे.

खात्याच्या हाती दोरी राहिली की काय होते, याचा धडा घरातच होता. सरकारी कर्मचाऱ्यांच्या भेदभावाच्या तक्रारी समान रोजगार संधी आयोगाचे न्यायाधीश ऐकतात. नोव्हेंबर १९९९ पर्यंत त्यांचा निकाल निव्वळ शिफारस असे, आणि ती स्वीकारायची की फिरवायची हे ठरवायचे त्याच खात्याने, ज्याच्यावर आरोप आहे! चोराच्याच हाती किल्ल्या. भेदभाव झाला असे सांगणारे निकाल खाती सर्रास फिरवत. नियम बदलल्यावर खात्याला निकाल अमलात आणावा लागतो, नाहीतर ४० दिवसांत आयोगाकडे अपील करावे लागते. काही राज्यांनी आणखी पुढे जाऊन सगळ्या विभागांच्या सुनावण्या एका वेगळ्या कार्यालयाकडे दिल्या. कॅलिफोर्नियात असे कार्यालय १९४५ पासून आहे. मला ही वाट जास्त सरळ वाटते.

मुलाखतीत एक प्रश्न उघड विचारला जात नाही, पण मनात असतो : उमेदवार कोणत्या बाजूचा? कामगारांचे खटले लढवलेला असेल तर कंपन्या नाक मुरडतात, कंपन्यांचे लढवलेला असेल तर तक्रारदार. त्याचा वर्ण, लिंग, समाज यांवरूनही कुजबुज होते. १९७५ साली एका बड्या वकील कंपनीविरुद्ध स्त्री वकिलाने लिंगभेदाचा दावा केला, तो कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे आला. संघराज्याच्या न्यायासनावर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. तुम्ही स्त्री, तुम्ही नागरी हक्कांचे खटले लढलेल्या, तेव्हा बाजूला व्हा, अशी मागणी झाली. त्यांनी ती फेटाळली. वर्ण आणि लिंग प्रत्येकच न्यायाधीशाला असते, या कारणाने दूर व्हायचे तर खटला ऐकायला कुणीच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

हाच प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदावर बंदी घातली. असा कायदा करणारे अमेरिकेतले ते पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. उद्या एखादा अभियंता तिथे सांगेल, की जेवणाच्या टेबलावर आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि त्यानंतर कामाच्या बैठकांना बोलावणे थांबले. यातले ‘गाव कोणते?’ कशासाठी विचारले, हे आपल्याला सांगावे लागत नाही. सिअ‍ॅटलमध्ये वाढलेल्या अधिकाऱ्याला ते तज्ज्ञ साक्षीदाराकडून नोंदीवर घ्यावे लागेल. आणि अधिकारी जर मराठी असला, तर त्यालाही तेच करावे लागेल. स्वतःला माहीत आहे एवढ्यावर त्याला निकाल देता येणार नाही. दोघेही ही सुनावणी चालवू शकतात. मात्र भारतीय अधिकाऱ्याची नेमणूक जात विचारून करू लागले, तर ज्या ठरावाखाली तो बसणार त्याचाच भंग होईल.

पुढील भागात : निकाल तक्रारदाराच्या बाजूने लागल्यावर त्याच्या हातात प्रत्यक्षात काय पडते.